भूपाल अण्णांचा अंदाज

भूपाल अण्णा सकाळी उठले की अंगणात येऊन आधी आभाळाकडे बघत. मग एक बोट जिभेला लावून वर धरत. मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत आणि तिथून थेट पिठाच्या गिरणीसमोरच्या कट्ट्यावर येऊन जाहीर करत, "आज थेंब न्हाई. लिहून घे."

त्या दिवशी पाऊस येई.

दर वेळी यायचाच असं म्हटलं तर ते खोटं होईल. कधी अण्णा म्हणत, "आज झोडपतोय बघ, घराभाईर पडू नकोसा," आणि मग दिवसभर लख्ख ऊन पडे. पण सांगायचं ते एवढंच, की अण्णांचा अंदाज चुकायचा आणि फार नेमाने चुकायचा. माणूस बरोबर असला तर लोक त्याच्यावर विसंबतात हे मला माहीत होतं. नेहमी चुकणाऱ्या माणसावरही तेवढंच विसंबता येतं, हे मी आमच्या गावात शिकले.

आमचं गाव तासगावजवळ. सगळीकडे द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं. शेडात जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली असतात. वाऱ्याबरोबर पाऊस आत घुसला तर सोन्यासारखा बेदाणा काळा पडतो आणि वर्षभराचं काम मातीत जातं. म्हणून फाल्गुन-चैत्रात कुणाचंही लक्ष आभाळाकडेच असतं. टीव्हीवर बातम्यांनंतर हवामान सांगत, पण ते सगळ्या महाराष्ट्राचं. आमच्या गावाचं हवामान कट्ट्यावर मिळे. शेडवाले आपला गडी पाठवून विचारत, "अण्णा काय म्हणायल्यात?"

"आज न्हाई म्हणायल्यात."

"मग ताडपत्र्या काढा भाईर."

संध्याकाळी पाऊस पडून गेला की तेच शेडवाले कट्ट्यावर येऊन अण्णांना चहा पाजत. "अण्णा, तुमच्यामुळं वाचलो बघा." अण्णा मान हलवत. पाऊस नाही म्हटल्यावर पाऊस आला आणि तरी हे वाचले कसे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही आणि पडावा असं गावात कुणी काही केलं नाही. त्या बाबतीत आमचं गाव एक होतं.

एकदा ते कोयनानगरला नात्यातल्या लग्नाला गेले होते. धरण बघून झाल्यावर तिथल्या लोकांना म्हणाले, "आता काय भूकंप व्हत न्हाई हितं. जमीन गप झालीया. लिहून घ्या." पहाटे जमीन हलली आणि सगळ्या वऱ्हाडाची भांडी फळीवरून खाली आली. कुणाला काही लागलं नाही, पण त्या गावात अण्णांचं नाव अजून काढतात म्हणे.

हे सगळं गावाने ओळखलेलं असताना अण्णांचा शब्द सरळ अर्थाने घेणारं एकच माणूस गावात होतं, ते म्हणजे पद्माकाकू, त्यांची बायको. अण्णा "थेंब न्हाई" म्हणाले की काकू गच्चीवर शेवया वाळत घालत. एकदा मी अंगणातून ओरडून सांगितलं, "काकू, आभाळ भरलंय." काकू वरून म्हणाल्या, "ह्येंनी न्हाई म्हटलंय गं." शेवयांचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा शेवया केल्या आणि पुन्हा अण्णांना विचारूनच वाळत घातल्या.

माझी ओळख सांगायची तर माझे आईवडील अण्णांच्या बागेत कामाला होते. आमची बुद्धवस्ती त्यांच्या बागेच्या बांधाला लागून आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सांगलीला एफ. वाय. बी. ए. ला होते. त्यामुळे अण्णा मला नावाने हाक मारत नसत. "काय कॉलेज, आज सुट्टी व्हय?" असं विचारत आणि मी कॉलेजात जाते म्हणजे माझ्याजवळ कायम वही-पेन असणार असं धरून चालत. "कॉलेज, लिहून घे." मी मान हलवायची. लिहून कधी घेतलं नाही.

आता निवडणुकीचं सांगते.

काकूंचा धाकटा भाऊ धनपालमामा. काकूंचं माहेर गावातच, तीन गल्ल्या पलीकडे. आई गेली तेव्हा धनपालमामा दूधपितं पोर होते आणि काकूंचं नुकतंच लग्न झालं होतं. काकू भावाला कडेवर घेऊन सासरी आल्या. अण्णांनी त्याला खांद्यावर बसवून शाळेत घातलं. काकू आणि अण्णांना मूलबाळ झालं नाही. त्यामुळे घरात मूल म्हणून जे काही होतं ते धनपालमामाच. मोठे झाल्यावर ते आपल्या बापाच्या घरात राहायला गेले, लग्न झालं, पण सणाला आणि भांडणाला दोन्हीला इकडेच येत. अण्णांना ते 'दाजी' म्हणत आणि दाजींनी ऐकलं नाही की बहिणीकडे जाऊन रुसत.

धनपालमामा ग्रामपंचायतीत आधी एकदा निवडून आले होते. या वेळी त्यांच्या मनात सरपंचपद होतं. स्वभावाने ते वाईट नव्हते. पण निवडून आल्यापासून ते मोटरसायकलवरून जाताना कुणाला हात करत नसत आणि नवीन दिव्याचा पहिला खांब त्यांच्याच दारात उभा राहिला होता. लोक खांबाखालून जाताना काही बोलत नसत. नुसतं वर दिव्याकडे बघत.

अर्ज भरताना धनपालमामांना भीती वाटली की छाननीत आपला अर्ज उडाला तर काय. असं काही होऊ नये म्हणून लोक घरातल्याच खात्रीच्या माणसाचा एक डमी अर्ज भरून ठेवतात. खरा अर्ज टिकला की डमीवाला माघार घेतो. धनपालमामांनी डमी म्हणून दाजींचा अर्ज भरला. गावात त्यांच्याइतका खात्रीचा माणूस दुसरा नव्हताच.

छाननीत धनपालमामांचा अर्ज टिकला. माघारीच्या दिवशी अण्णा लुना घेऊन तासगावला निघाले. तीन वाजेपर्यंत कचेरीत पोचायचं होतं आणि अण्णा जेवून निघाले होते. निघताना काकूंनी विचारलं, "पावसाचं काय?" अण्णा म्हणाले, "थेंब न्हाई."

वाटेत वारा सुटला. रस्त्याकडेच्या एका शेडावरच्या ताडपत्र्या उडायला लागल्या होत्या. त्या शेडवाल्याने अण्णांना सकाळी विचारलं नव्हतं, तो परगावचा होता. शेडात म्हातारा आणि त्याची सून दोघंच. अण्णांनी लुना बाभळीला टेकवली आणि ताडपत्रीचं टोक धरलं. मग दुसरं टोक धरलं. मग दोरी कमी पडली म्हणून डोक्याचा पटका सोडून बांधला. पाऊस थांबेपर्यंत ते तिथे एक टोक धरून उभे होते. बेदाणा कोरडा राहिला. अण्णा ओलेचिंब कचेरीत पोचले तेव्हा साहेब माघारीचे कागद बांधून ठेवत होते.

"साडेतीन वाजलेत आजोबा," साहेब म्हणाले.

"पण मला पडायचंय न्हवं. माझी काय घाई न्हाई."

"पडायला आता निवडणूक लढवावी लागेल."

अशा रीतीने अण्णा उमेदवार झाले. चिन्ह मिळालं छत्री. आयुष्यात ज्यांनी कधी छत्री घेतली नव्हती त्यांना. धनपालमामांना कपबशी मिळाली. त्या वॉर्डात उमेदवार दोघेच होते.

धनपालमामा तावातावाने आले. काकू म्हणाल्या, "धनू, चुकून झालंय. त्येंच्याकडं बघ जरा." अण्णा सोप्यात खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मी पडतोय. काळजी करू नगा. मला एक मत पडत न्हाई. लिहून घ्या."

ही बातमी कट्ट्यावर गेली आणि त्या दिवशी गावाला निकाल कळला.

मला आजवर ठाऊक असलेला तो एकच उमेदवार, जो स्वतःच्या विरोधात प्रचार करत होता. घराच्या भिंतीवर काकूंनी भावाची कपबशी चिकटवली होती. अण्णा रोज सकाळी हवामान सांगून झालं की हात जोडून घरोघरी जात. "मला मत देऊ नका. धनपालला द्या. पोरगं चांगलं हाय. दिव्याचं त्याला मी सांगतो."

आमच्या वस्तीतही आले होते. आमच्या शेजारची सोजरमावशी त्यांना म्हणाली, "अण्णा, तुमी का नगं म्हणतायसा?"

"मला त्यातलं काय कळत न्हाई बाई."

"आवं, कळतंय त्येंनी काय केलं ते बघितलंय की आमी."

"माझं ऐक. धनू हुशार हाय."

"असंल. पर तुमी नगं म्हणतायसा म्हंजे तुमाला काय खायाचं न्हाई. आमाला असाच पायजे."

अण्णा घाबरून पुढच्या घरी गेले. तिथे तर त्यांना ओवाळायला ताट आणलं. माझे वडील म्हणाले, "अण्णा, घरात बसा तुमी. जेवढं फिरशीला तेवढी मतं वाढायलीत."

पण अण्णांना घरात बसवेना. रात्री झोप येत नव्हती असं काकू आईजवळ म्हणाल्या होत्या. म्हणे उठून बसतात आणि विचारतात, "पद्मा, धनू येतोय न्हवं?" आणि काकू म्हणतात, "तुमीच म्हणतायसा की तुमी पडताय. मग येतोयच." काकूंचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. आख्ख्या गावात तेवढ्या एका घरात धनपालमामा निवडून यायचे होते.

मला अभ्यासाची सुट्टी लागली होती. मी बागेतल्या टाकीच्या कट्ट्यावर बसून वाचत असे. निकालाच्या दिवशीही तिथेच होते. मतमोजणी तासगावला. सकाळी अण्णा आणि धनपालमामा एकाच मोटरसायकलवरून गेले, मामा पुढे, अण्णा मागे. काकूंनी पुरण घातलं होतं. भाऊ निवडून आला की आधी बहिणीकडे येऊन जेवणार असं ठरलं होतं. निकाल कळेपर्यंत आपण तोंडात काही घालायचं नाही असं काकूंनी धरलं होतं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा लांबून हलगी ऐकू आली. पाठोपाठ बागेच्या ओळींमधून कुणीतरी वाकून येताना दिसलं. आधी मला ओळखूच आलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत गुलाल, नुसते डोळे तेवढे पांढरे.

"अण्णा?"

"गप. कॉलेज, तुझा बाप कुठं हाय?"

वडील औषध मारायचा पंप धूत होते, ते आले. अण्णांनी सांगितलं ते असं. पोरांनी त्यांना तासगावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं करून आणलं होतं. ओढ्यापाशी ते लघवीला म्हणून उतरले आणि बागेत घुसले. मिरवणूक तिथेच थांबली होती.

"आन् धनपाल?" वडिलांनी विचारलं.

"निकाल ऐकला आन् कुणाशी न बोलता गाडी काढून गेला. मी हाक मारली. मागं बघितलं न्हाई त्यानं." अण्णा टाकीच्या कट्ट्यावर बसले. "दिवस बुडायला किती येळ हाय?"

तासभर होता. आणि मग मला कळलं की अण्णांना कशाची घाई आहे. ते जैन. दिवस बुडाल्यावर त्यांच्या घरात जेवत नाहीत, काकू तर पाणीही घेत नाहीत. सूर्य असेपर्यंत काकू जेवल्या नाहीत तर थेट उद्या सकाळी. गेल्या पावसाळ्यात असाच कडक उपवास झाला आणि त्या चुलीपुढे चक्कर येऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी उपाशी राहायचं नाही असं बजावलं होतं.

"भाऊ पडला म्हणून सांगितलं तर ती घास खाणार न्हाई," अण्णा म्हणाले. "आन् पाडला कुणी म्हटलं तर मी."

असं म्हणून त्यांनी टाकीत हात घातले आणि तोंडावर पाणी मारलं.

"आवं अण्णा, थांबा," वडील ओरडले. "कोरडाच झाडायचा असतोय त्यो. पाणी लागलं की भिनतोय."

तोपर्यंत अण्णांनी अख्खं डोकं टाकीत बुडवलं होतं. बाहेर आले ते पिकलेल्या डाळिंबासारखे. आईने गोडेतेल आणलं, बेसन आणलं. घासून घासून लाल रंगाचा गुलाबी झाला, त्यापुढे हटेना. शर्ट तर गेलाच होता. वडिलांनी आपला फवारणीचा शर्ट काढून दिला. मोरचुदाने निळा झालेला, बाहीपाशी फाटलेला. निळा शर्ट घातलेले गुलाबी अण्णा मला म्हणाले, "दिसतंय व्हय काय?"

मी म्हणाले, "थोडं."

"कॉलेज, तू चल माझ्यासंगं."

"मी काय सांगू काकूंना?"

"तू काय सांगू नगं. नुसती उभी ऱ्हा. घरात तिसरं माणूस असलं की मला धीर येतो."

मागच्या दाराने आम्ही गेलो. काकू सोप्यात बसल्या होत्या. शेजारी ओवाळायचं ताट तयार होतं. अण्णांना पाहून त्या उठल्या.

"धनू कुठं हाय?"

"मिरवणूक हाय न्हवं त्याची. गावभर फिरवणार. येईल सावकाश. तू जेवून घे."

"आला न्हवं निवडून?"

"आला."

"आन् तुमी?"

"मी पडलो," अण्णा म्हणाले. "लय वाईट पडलो."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत होते. अण्णांच्या पायांवरून गुलाबी पाणी ओघळून फरशीवर आलं होतं.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "ह्यो शर्ट कुणाचा?"

"माझा भिजला."

"पाऊस आलता?"

"व्हय," अण्णा म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं की हे पुरत नाही, म्हणून म्हणाले, "तासगावातच आलता. हिकडं आला न्हाई."

काकूंनी ताट वाढून घेतलं. अण्णांसाठी दुसरं ताट मांडायला लागल्या तसे अण्णा म्हणाले, "मला नगं. मी तासगावात खाल्लं."

"काय खाल्लं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"कांदाभजी," अण्णा म्हणाले.

ज्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही त्या घरात उभं राहून ते हे बोलले. काकूंनी पोळीवर तूप घातलं आणि पहिला घास घेतला. अण्णा त्यांच्यासमोर उकिडवे बसून त्यांचा प्रत्येक घास बघत होते.

तेवढ्यात हलगी गल्लीत शिरली. पोरांचा आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला. "भूपाल अण्णांचा विजय असो." अण्णांना खोकला सुरू झाला. खोकून दमल्यावर ते मोठ्याने बोलायला लागले. "म्हशीनं आज दूध कसं दिलं गं? कॉलेज, तुझा पेपर कवा हाय? उद्या न्हवं? उद्या पाऊस न्हाई बघ. लिहून घे." बाहेरून पुन्हा आवाज आला. "येऊन येऊन येणार कोण." अण्णा म्हणाले, "पोरं चेष्टा करायलीत माझी. पडलो म्हणून."

काकू शांतपणे जेवत होत्या. दोन पोळ्या झाल्या. तिसरी त्यांनी स्वतःहून घेतली. भात घेतला. पाणी प्याल्या. खिडकीतून येणारी तिरीप भिंतीवरून वर वर गेली आणि नाहीशी झाली. काकूंनी ताटात हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या,

"हं. आता सांगा."

"काय?"

"कसा पाडलासा माझ्या भावाला."

अण्णा तोंड उघडं ठेवून बसले. मग म्हणाले, "कुणी सांगितलं तुला?"

"कान बघा तुमचं. कानाच्या पाठीमागं पावशेर गुलाल हाय."

"मग जेवलीस कशी गं?"

"तुमी कांदाभजीवर आलासा. न जेवून काय करू?" काकूंचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो आता जरा हलला. "मी जेवले नसते तर अजून काय काय बोलला असतासा. जलमात कवा खोटं बोललेलं माणूस न्हवं. बघवंना."

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हातही गुलाबीच होते.

"मला पडायचं होतं पद्मा."

"ठाव हाय."

"मी सगळ्यांला सांगत होतो."

"ठाव हाय की."

"तू रागावलीस माझ्यावर?"

काकू उठल्या. ताट उचललं आणि आतल्या दारापाशी जाऊन पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आज रागावू द्या मला. आजच्या दिवस. तुमी जावा धनूकडं. एकटाच बसला असंल अंधारात. त्योबी जेवला नसणार आन् तुमीबी न्हाई."

"त्यो दार उघडायचा न्हाई मला."

"मग दारात बसा."

अण्णा तसेच मागच्या दाराने निघाले. चप्पलही घातली नाही. पुढच्या दारात मिरवणूक पोचली होती. काकू बाहेर आल्या. पोरं म्हणाली, "काकू, अण्णांना बोलवा. खांद्यावर घेतो."

"अण्णा घरात न्हाईत."

"मग मिरवणूक कुणाची काढायची?"

"हलगीवाल्याची काढा," काकू म्हणाल्या आणि भावासाठी केलेल्या पोळ्यांची दुरडी बाहेर आणून ठेवली. काही पोळ्या मात्र त्यांनी आतच ठेवल्या होत्या. पोरांनी पोळ्या खाल्ल्या. हलगीवाल्याला खरंच खांद्यावर घेतलं म्हणतात. मी तोवर घरी आले होते. आईने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काकू जेवल्या.

दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. सांगलीची पहिली एसटी धरायला मी उजाडता उजाडता निघाले. स्टँडची वाट धनपालमामांच्या घरावरून जाते. त्यांच्या दारातल्या खांबावरचा दिवा अजून चालू होता. दारातल्या कट्ट्यावर काकू बसल्या होत्या, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. त्यांच्या एका बाजूला अण्णा आणि दुसऱ्या बाजूला धनपालमामा. तिघंही समोरच्या बागांकडे बघत होते. दिवस वर यायची वाट होती, त्याशिवाय दोघांनाही जेवता येत नव्हतं.

मी थांबले नाही, एसटी चुकली असती. पण जवळून जाताना मी मामांकडे पाहिलं. ते काल सकाळचाच पांढरा शर्ट घालून होते. डाव्या खांद्यावर एक मोठा गुलाबी डाग होता. गाल टेकवल्यावर उठतो तसा. मामांनी तो झाकला नव्हता.

बागांच्या कडेला ऊन आलं. काकूंनी डब्याची गाठ सोडली आणि पहिली पोळी अण्णांपुढे धरली.

अण्णांनी ती हातात घेतली, दुमडली आणि धनपालमामांच्या हातावर ठेवली. "खा," ते म्हणाले. "रात्रभर माझ्यामुळं उपाशी ऱ्हायलास."

"दाजी, तुमी आधी," मामा म्हणाले.

"एकानं कुणीतरी खावा," दुसरी पोळी पुढे धरून काकू म्हणाल्या. "माझा हात दुखायला लागला."